बटण कुणाच्या बोटाखाली

मावशीने दुकानदाराला कपाटातले पाचही रेडिओ बाहेर काढायला लावले, काउंटरवर ओळीने मांडायला लावले, आणि मग डोळे मिटून घेतले.

"मावशी, बरं वाटतंय ना?" दुकानदाराने घाबरून विचारलं.

"उत्तम वाटतंय. तुम्ही फक्त पाच मिनिटं बोलू नका."

हे रेडिओ गाणी ऐकायचे नव्हेत. छोटी विमानं उडवणारे लोक छातीशी धरतात ते हे खोके. दोन दांड्या, डझनभर खटके, आणि आकाशात गेलेल्या विमानाने काय करायचं ते सगळं इथून ठरतं. दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी विचारतं, पडदा केवढा, रंगीत का साधा, किती विमानांची माहिती लक्षात ठेवतो. मावशीने त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. विमान वर असताना खाली बघायचं नसतं, खाली बघितलं की विमान गेलंच समजा. मग ज्या वस्तूकडे बघायचंच नाही, ती बघून कशाला घ्यायची, असा तिचा सरळ हिशेब होता.

पहिला रेडिओ तिने उचलला आणि लगेच खाली ठेवला. दुसऱ्याच्या दांड्यांची टोकं गुळगुळीत होती, घामेजल्या बोटातून सुटली असती. चौथ्याचे खटके इतके खेटून होते की चाकं आत घ्यायला जावं आणि भलतंच काही व्हावं. तिसरा आणि पाचवा मात्र तिने बराच वेळ चाचपले. उजवा अंगठा मधेच थांबत होता, ओठ घट्ट होत होते.

शेजारी तिचे यजमान उभे होते. आपण त्यांना काका म्हणू, कारण सगळे तेच म्हणतात. काका एकदा पाचव्या रेडिओकडे बघत होते आणि एकदा बायकोच्या अंगठ्याकडे.

मावशी नक्की कुणाची मावशी, हे विचारायचं लोकांनी कधीच सोडून दिलंय. एकतीस वर्षं तिने फाउंड्रीत क्रेन चालवली. शेडच्या छताखाली लोंबणारी काचेची केबिन, तिच्यात ही एकटी, आणि खाली साखळीला टांगलेली वितळलेल्या लोखंडाची बादली. बादलीच्या आसपास माणसं. उजव्या हाताच्या दांडीने बादली वर-खाली, डाव्या हाताच्या दांडीने पुढे-मागे आणि आडवी. एकतीस वर्षांत एक थेंब सांडला नाही. हे ती स्वतःच सांगते आणि नव्या माणसाला दोनदा सांगते. विनय हा गुण तिच्या वाट्याला जरा कमीच आला, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही.

काका त्याच फाउंड्रीत लाकडी साचे करणारे सुतार. आपला साचा ओरखडा न पाडता जमिनीवर ठेवणारी ही कोण बाई, म्हणून त्यांनी एकदा मान वर करून बघितलं, ते बघतच राहिले. पुढचं काय सांगायचं?

विमानांचा नाद काकांचा. पहिलं विमान त्यांनीच बनवलं आणि त्यांनीच उडवलं. सात सेकंद. आठव्या सेकंदाला ते मैदानाच्या कडेच्या खांबावर होतं. काकांनी त्या दिवशी कानाला खडा लावला आणि रेडिओ बायकोच्या हातात दिला, "तूच बघ बाई, तुला हवेत सामान हलवायची सवय आहे." तेव्हापासून घरची वाटणी ठरली. काकांनी बनवायचं, मावशीने उडवायचं. वीस वर्षांत अकरा विमानं झाली. शेवटची तीन वर्षं काकांनी एकाच विमानावर काढली. मागच्या खोलीत पंख लावला तर दार लागत नव्हतं, एवढं मोठं. पंखातली फासळी न् फासळी हाताने कापलेली. आणि हेच शेवटचं, कारण त्या हलक्या लाकडाच्या भुशाने त्यांना दम लागायला लागला होता, आणि डॉक्टरांनी घासणं, कापणं कायमचं बंद करायला सांगितलं होतं.

त्याच वर्षी मावशीच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी शस्त्रक्रिया झाली. सांधा झिजला होता, तो जखडून टाकला. कप धरता येतो, किल्ली फिरवता येते, पण केसभर ढकलायचं आणि केसभर मागे घ्यायचं, ते जमत नाही. आणि मैदानावरचे सगळे ज्या पद्धतीने उडवतात, त्यात विमानाचं नाक आणि पंख सांभाळणारी दांडी नेमकी उजवी. त्यात भर म्हणून जुना रेडिओ तपासणीत नापास झाला. तीस पावलांवर गेलं की शेपूट आपोआप फडफडायला लागायची. म्हणजे विमान तयार, पण रेडिओ नाही आणि अंगठाही नाही. ते वर जाणार का, आणि गेलं तर कुणाच्या हातून, एवढाच प्रश्न त्या घरात गेले दोन महिने होता. तो मोठ्याने मात्र कुणी विचारला नव्हता.

मावशीने डोळे उघडले. "तिसरा नाहीतर पाचवा."

"पाचवाच घे," काका म्हणाले. "त्यात जोडणीची सोय आहे."

"कसली जोडणी?"

दुकानदाराला आता बोलायची परवानगी मिळाली असं वाटलं. "दोन रेडिओ एकमेकांना जोडता येतात, मावशी. एक गुरूचा, एक शिष्याचा. गुरूच्या रेडिओला हे बटण. दाबून धरलं की विमान शिष्याच्या हातात. सोडलं की लगेच परत गुरूकडे."

"मला कुणाला शिकवायचंय?"

काकांना एकाएकी छताचा पंखा फार बघण्यासारखा वाटू लागला. दुकानदार भला माणूस, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "अहो, परवा कॅप्टन येऊन गेले ना. म्हणाले, मोठ्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाला गुरूचा रेडिओ माझ्याकडे, आणि मावशी शिष्याच्या रेडिओवर. काकांनीच सांगितलंय म्हणाले."

कॅप्टन म्हणजे मैदानावरचा सगळ्यात कसलेला उडवणारा. पेशाने दातांचा डॉक्टर, खऱ्या विमानात कायम खिडकीशी बसून झोपणारा, पण छोटी विमानं त्याच्या हातात मऊ होत. माणूस चांगला. मावशीने स्वतः त्याच्याकडून दोन दात काढून घेतले होते.

"हे बटण कायम गुरूच्याच बोटाखाली का?" मावशीने विचारलं.

"कायम."

"मग हाच द्या. पाचवा."

काकांनी रस्त्यात दोनदा हवेचा विषय काढून पाहिला. घरी आल्यावर तिने खोका टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. माझ्या हाताचा भरवसा वाटत नाही, एवढंच ना?"

"अगं, तसं नाही. कॅप्टन नुसता सांभाळून घेईल..."

"सांभाळून घेईल म्हणजे बटण त्याच्याकडे. म्हणजे उडवणार तो, आणि मी नुसती उभी राहून हात हलवायचे."

काका खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "तीन वर्षं लागली गं. परत नाही बनवता येणार मला."

हे खरं होतं, आणि म्हणूनच मावशीला राग आला त्याच्या दुप्पट वाईट वाटलं. तिने उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग लगेच कामाला लागली, कारण तिचा स्वभावच तसा. रेडिओच्या पाठचे स्क्रू तिने सोडवले.

"हे काय करतेस? नवाकोरा आहे तो!"

"बाजू बदलतेय. नाक आणि पंख डाव्या दांडीवर. इंजिन उजव्या दांडीवर. इंजिनाला नाजूक हात लागत नाही, नुसतं पुढे-मागे."

"असं कुणीच उडवत नाही!"

"कुणी क्रेन तरी चालवलीय? एकतीस वर्षं माझा बारीक काम करणारा हात डावाच होता. वीस वर्षांपूर्वी तुम्ही सगळ्यांनी सांगितलं, असंच धरतात, म्हणून मी उजव्याने धरलं. पाचामुखी परमेश्वर म्हणून ऐकलं. आता नाही ऐकणार."

तिने दांड्या बोटभर लांब केल्या, स्प्रिंग सैल केली, गळ्यात पट्टा अडकवला, आणि अंगठे दांड्यांवर टेकवायच्या ऐवजी अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत दांडी धरली. चिमटीत उजवा हातही बरा चालत होता. आरशासमोर उभी राहून तिने स्वतःला बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

सोपं मुळीच नव्हतं. हातांना वीस वर्षांची खोड होती. संगणकावरच्या खोट्या विमानावर तिने सराव सुरू केला आणि पहिल्या आठवड्यात एवढी विमानं पाडली की काकांनी शेजारच्या खोलीत बसणं सोडलं. पण दुसऱ्या आठवड्यात काहीतरी जुनं जागं झालं. डाव्या हाताला एकदम आठवलं, की आपण कोण आहोत. तिसऱ्या आठवड्यात ती जुनं थर्माकोलचं विमान घेऊन मैदानात गेली.

मैदानावर एक अलिखित नियम आहे. कुणाचं विमान अडचणीत आलं, की शेजारचा अनुभवी माणूस "मला!" म्हणून ओरडतो, आणि रेडिओ मुकाट्याने त्याच्या हातात द्यायचा. असली कितीतरी विमानं वाचली आहेत. तिसऱ्या दिवशी मावशीचं विमान वळणावर जरा नाक टाकून खाली आलं. तिने मुद्दामच टाकलं होतं. पण कॅप्टन शेजारी उभा होता. तो "मला!" ओरडला आणि नियमाप्रमाणे त्याने रेडिओ ओढून घेतला.

त्याने नाक वर आणायला उजवी दांडी मागे खेचली. तिथे आता इंजिन होतं, ते बंद पडलं. मग त्याने इंजिन वाढवायला डावी दांडी पुढे ढकलली. तिथे नाक होतं, ते आणखी खाली गेलं. वीस वर्षं ज्या हातांनी सगळ्यांची विमानं वाचवली, त्या हातांनी मावशीचं विमान सरळ कुंपणात नेऊन रोवलं.

"मावशी," कॅप्टन पांढराफटक पडून म्हणाला, "हे... हे उलटं आहे."

"तुझ्यासाठी," मावशी म्हणाली. "तुला आधी सांगितलं होतं. तू हसला होतास."

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, आणि काकांनी ती नेली नाही. त्यांना एवढंच दिसलं की आता कुणीही मधे पडून विमान वाचवू शकणार नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मागच्या खोलीत शिडी लावली आणि छताला दोन हूक ठोकले.

"हे कशाला?"

"टांगून ठेवतो. उडवायचंच नाही. बघायला तरी राहील."

मावशीने शिडीचं टोक धरलं, हलू नये म्हणून. मग खालूनच म्हणाली, "हूक मजबूत बसवा. पण रविवारपर्यंत टांगू नका. रविवारी माझ्याबरोबर मैदानात या, खिशात रुमाल घेऊन. एवढं बघा, मग तुम्ही म्हणाल ते."

रविवारी थर्माकोलचं विमान चिकटपट्ट्यांनी भरलं होतं, पण उडत होतं. मावशीने काकांना गवतावर रुमाल पसरायला सांगितलं आणि वीस पावलं लांब उभं केलं. "चाकं रुमालावर टेकली तर एक मोजा. दहा वेळा उतरवते."

काका मोजायला लागले. पहिलं उतरणं रुमालावर. दुसरं रुमालावर. तिसऱ्याला वारा आला, रुमालच उडाला, काकांनी तो परत दगड ठेवून पसरला आणि दगड चाकांना लागेल म्हणून दगडाच्या जागी स्वतःच्या चपला कडेला ठेवल्या. दहापैकी नऊ. दहावं हातभर लांब पडलं, आणि मावशी स्वतःवरच एवढी चिडली की काकांनाच तिची समजूत घालावी लागली.

परत येताना काका म्हणाले, "नऊ म्हणजे नऊच." बराच वेळ चालल्यावर म्हणाले, "फाउंड्रीत तरी दहाच्या दहा असायचे."

"म्हणून काय?"

"म्हणून काही नाही. उडव."

हूक तसेच रिकामे राहिले.

कॅप्टनने फक्त एक विनंती केली, की निदान जोडणी तरी असू दे, त्याचा रेडिओ त्याच्या नेहमीच्या पद्धतीचा राहील, म्हणजे वेळ आलीच तर त्याला चालवता येईल. मावशीला पटलं. शहाण्या माणसाने मदत लाथाडू नये. "पण गुरू मी," ती म्हणाली. "शिष्याचा रेडिओ तुझा. बटण माझ्या बोटाखाली. मला वाटलं तर देईन, नाही वाटलं तर नाही."

"मावशी, तीस वर्षं मी कुणाचा शिष्य झालो नाही."

"मग हो की. वय गेलं नाही अजून."

तो दिवस उजाडला तेव्हा झाडाचं पान हलत नव्हतं. विमान धावपट्टीच्या टोकाला उभं केलं. मावशीने एकेक पंख, शेपूट, सुकाणू हलवून बघितलं. सगळं बरोबर होतं, तरी दुसऱ्यांदा बघितलं. काका मागे उभे होते, हात पाठीशी बांधून. मग तिने उजव्या चिमटीने इंजिन हळूहळू वाढवलं, बादली उचलावी तसं, आणि ते मोठं विमान थोडं धावलं आणि जमिनीवरून सुटलं.

तीन वर्षांत काकांनी ते विमान खालून कधी पाहिलंच नव्हतं. टेबलावर ठेवलेल्या वस्तूचं पोट कोण बघतं? आता ऊन पंखाच्या कापडातून आरपार आलं आणि आतली प्रत्येक फासळी दिसली. काका तोंड उघडं ठेवून बघत राहिले. मावशीने एक मोठा फेरा घेतला, दुसरा घेतला, एकदा डोक्यावरून संथ नेलं. डावा हात जराही चुकला नाही. तिला मनातून इतका आनंद झाला की तिला हसू आवरेना, आणि तिने आवरलंही नाही.

बाजूला कॅप्टन शिष्याचा रेडिओ धरून निमूट उभा होता. चार फेरे झाले. त्याच्या वाट्याला काही आलं नाही.

विमान खूप उंच, सरळ आणि शांत झाल्यावर मावशी वर बघत म्हणाली, "कॅप्टन, तो रेडिओ यांच्या हातात दे."

"कुणाच्या?"

"माझ्या नवऱ्याच्या."

"अगं, मी?" काका दोन पावलं मागे सरले. "मला येत नाही!"

"मी भाजी आणायला गेले की जुना रेडिओ लावून संगणकावर कोण बसतं? माझ्या खात्यावर तुम्ही किती विमानं पाडलीत, सगळं तिथे लिहून येतं. आधी दिवसाला पंधरा, आता दोन. घ्या."

काकांचे कान लाल झाले. कॅप्टनने रेडिओ त्यांच्या हातात दिला आणि त्यांचे अंगठे जागेवर ठेवले.

"उंच आहे. पडायला खूप जागा आहे, आणि मी पडू देणार नाही," मावशी म्हणाली. "देते."

तिने बटण दाबलं. विमान जरा डुललं. काकांनी श्वास धरला, उजवा अंगठा केसभर हलवला, आणि पंख सरळ झाला. मग ते डावीकडे वळलं, कारण काकांनी वळवलं. एक रुंद, वाकडातिकडा फेरा झाला. एकदा नाक फार खाली गेलं. मावशीने बटण सोडलं, नाक वर घेतलं, आणि पुन्हा दाबलं. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी ते पुसलं नाही, हात मोकळे नव्हते.

"आता उतरवायचं," मावशी म्हणाली.

विमान धावपट्टीकडे वळलं, खाली आलं, गवतावर तरंगलं, नाक थोडं वर घेतलं आणि चाकं टेकली. कॅप्टनने टाळ्या वाजवल्या. काकांचे अंगठे मात्र दांड्यांवरच होते, विमान थांबलं तरी.

"उतरताना," काकांनी हळूच विचारलं, "बटण दाबलेलं होतं का?"

मावशीने आयुष्यात यंत्राबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं. "नाही. उतरवलं मी." मग तिने त्यांच्या अंगठ्यांकडे बघितलं. "पण नाक वर घ्यायला तुम्ही दांडी ओढलीत ना, ती अगदी माझ्या वेळेला ओढलीत. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं."

विमान उतरताना खाली बघायचं नसतं, आणि ती बघत होती, हे कॅप्टनच्याही लक्षात आलं. काकांनी रेडिओ छातीशी घट्ट धरला.

"मग पुढच्या वेळी," ते म्हणाले, "बटण सोडू नकोस."